पुंडलिकाच्या घरची सेवा

आषाढीला पंढरपुरात पोहोचलेला वारकरी प्रथम चंद्रभागेत स्नान करतो, मग वाळवंटातील पुंडलिकाच्या देवळात डोके टेकतो आणि त्यानंतरच विठ्ठलाच्या महाद्वाराची वाट धरतो. हा क्रम परंपरेने ठरलेला आहे. ज्या जयघोषात पालख्या मार्गस्थ होतात, त्यातही पुंडलिकाचे नाव आधी आणि देवाचे नंतर येते. भक्ताला देवापेक्षा हा अग्रमान कशासाठी, हे महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत बसला होता. देव दारात आला तरी तो उठला नाही. त्याने एक वीट पुढे सारली आणि हातची सेवा आटोपेपर्यंत देवाला त्या विटेवर थांबावयास सांगितले. महाराष्ट्राचे आराध्य दैवत कमरेवर हात ठेवून उभे आहे, ते या थांबण्यातच.

वृद्ध मातापित्यांच्या सेवेला एवढे वरचे स्थान देणारा महाराष्ट्र एकटाच नव्हे. उपनिषदांनी आईला व वडिलांना देवाच्या पंक्तीला बसविले. कुराणाच्या सतराव्या सूऱ्यात वृद्ध आईवडिलांपुढे वैतागाचा साधा उद्गारही काढू नये, अशी आज्ञा आहे. बायबलातील दहा आज्ञांमध्ये आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे. आपल्या राज्य शासनानेही निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला नाव दिले ते श्रावणबाळाचे. अंध आईवडिलांना कावडीत बसवून तीर्थयात्रा घडविणारा हा मुलगा शासकीय कागदपत्रांत असा चिरंजीव झाला आहे. तेव्हा सेवेच्या महतीविषयी आपल्या समाजात दुमत नाही. प्रश्न निराळाच आहे. ही सेवा प्रत्यक्षात कोणाच्या हातून घडते, त्या हातांना कोणाची मदत मिळते आणि श्रद्धेची शिदोरी त्यांच्या कितपत उपयोगी पडते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

कथेतील गाळलेले पान

कीर्तनकार सांगतात त्या पुंडलिकाच्या कथेला एक पूर्वार्ध आहे. आरंभी हा पुत्र आईवडिलांना जाच करणारा होता. काशीयात्रेला निघताना तो व त्याची पत्नी घोड्यावर बसली आणि म्हातारी माणसे पायी फरफटत गेली. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला एक दृश्य दिसले. मलिन वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया पहाटे आल्या, त्यांनी आश्रमाची झाडलोट केली आणि जाताना त्या स्वच्छ व तेजस्वी होऊन गेल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती होत्या. मातापित्यांची सेवा करणाऱ्या ऋषींच्या आश्रमात त्या इतरांच्या पापांचा मळ धुण्यासाठी येत असत. पुंडलिकाचे डोळे उघडले आणि तो परत फिरला.

संशोधकांनी पुंडलिकाविषयी पुष्कळ लिहिले आहे. वाळवंटातील त्याच्या देवळात मुखवट्याखाली शिवलिंग आहे, यावरून काहींनी निराळी अनुमानेही काढली आहेत. तो वाद विद्वानांचा. लोकमानसाने जी कथा जपली, तिच्याकडे घरगुती दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. पूर्वार्धात, म्हणजे अपराधाच्या भागात, पुंडलिकाची पत्नी घोड्यावर बसलेली स्पष्ट दिसते. उत्तरार्धात, सेवेच्या भागात, ती दिसेनाशी होते. आईवडिलांसाठी पाणी तापविणारे, पेज शिजविणारे, मळके अंथरूण नदीवर धुऊन आणणारे कोणी त्या घरात असेलच ना? ते कोण, हे कथा सांगत नाही. आपल्या आजच्या घरांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. गावात म्हणतात, "अमक्याने बापाचे फार केले." त्या 'केले'तील निम्म्याहून अधिक भाग ज्या बाईने केलेला असतो, तिचा त्या वाक्यात उल्लेख नसतो. म्हाताऱ्याची हेळसांड झाली तर मात्र सुनेचे नाव सर्वप्रथम निघते.

बदललेले घर

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. पैकी ७१ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्रात ही संख्या १ कोटी ११ लक्षांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के भरली. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढत गेले आहे. आयुर्मान वाढले, ही आरोग्यसेवेच्या प्रगतीची पावती होय. परंतु वाढलेल्या वर्षांपैकी अखेरची काही वर्षे बहुधा दुसऱ्याच्या आधाराने काढावी लागतात. तो आधार देणारे घर याच काळात लहान होत गेले आणि विखुरलेही.

कोकणातील चाकरमान्यांची गावे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. गणपतीला आणि शिमग्याला गजबजणारी घरे एरवी दोन म्हाताऱ्या जिवांवर चालतात. बीड जिल्ह्यातील आणि आसपासच्या ऊसतोड कामगारांच्या गावांची स्थिती याहून बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन जोडपी कारखान्याच्या वाटेला लागतात ती उन्हाळ्यातच परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदरात टाकलेली नातवंडे. ज्यांची काळजी घ्यावयाची, तीच त्या काळात दुसऱ्यांची काळजी घेत असतात. आजी तापाने फणफणली तर तिला आरोग्य केंद्रात कोणी न्यावयाचे, हा प्रश्न त्या गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रोजचा असतो.

याशिवाय एक रूढी अशी आहे की, जिच्याविषयी उघडपणे फारसे बोलले जात नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्या की आईवडिलांचीही 'पाळी' लावली जाते. महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे. किंवा आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. हिशेबाच्या दृष्टीने ही वाटणी निर्दोष असते. पण पन्नास वर्षे एका चुलीपुढे बसलेली माणसे सत्तरी ओलांडल्यावर दोन घरांत विभागली जातात आणि परस्परांची ख्यालीखुशाली नातवंडांकडून विचारतात. तंटामुक्त समितीसमोर किंवा सरपंचांसमोर वाटणीचा विषय येईल तेव्हा ही एक गोष्ट तरी आग्रहाने मांडावयास हवी: शेताचे तुकडे करा, या जोडप्याचे करू नका.

दोन हात आणि चोवीस तास

अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध व्यक्तीची शुश्रूषा म्हणजे नेमके काय, हे ज्याने केलेले नाही त्याला सांगून पटत नाही. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते; न दिल्यास माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर जखमा होतात आणि त्या लवकर भरून येत नाहीत. भरविताना व्यक्तीला नीट बसवावे लागते, अन्यथा घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रात्री दोनदा-तीनदा उठावे लागते. कपडे, चादरी, औषधांच्या वेळा यांत दिवस सरतो. आणि हे सर्व करणारी सून काही पंचविशीतील नसते. सासूबाई ऐंशीच्या असतील तर सून साठीला टेकलेली असते; तिचे स्वतःचे गुडघे दुखत असतात. शेतमजुरी करणारी असेल तर तिचा रोज बुडतो. जेथे मुलेबाळे दूर आहेत, तेथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पतीला सत्तर वर्षांची पत्नी उठवते-बसवते. घरातील धडधाकट पुरुष वडिलांची औषधे आणून देतो, डॉक्टरांना भेटतो, पैशांची तजवीज करतो; परंतु वडिलांना आंघोळ घालणे हे आपले काम आहे, असे त्याला पुष्कळदा वाटत नाही. पुंडलिकाची मूळ कथा या बाबतीत आपल्या पुढे आहे. त्याने सेवा कोणावर सोपविली नव्हती. पाय त्याने स्वतः चेपले.

येथे कायद्याकडे पाहणे उद्बोधक ठरते. 'आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' या कायद्याने निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकली. अपत्य या शब्दाची व्याख्या करताना त्यात मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा समावेश केला. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे जी जबाबदारी कायदा मुलावर आणि मुलीवर टाकतो, ती घरात बहुतांशी उचलते ती कायद्याच्या व्याख्येबाहेरची स्त्री. हा विरोधाभास कोणी मुद्दाम केलेला नाही; आपल्या कुटुंबव्यवस्थेचेच ते प्रतिबिंब होय.

मुलीच्या जबाबदारीविषयी मात्र संदेह उरलेला नाही. १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते, असा निर्णय महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला होता. तथापि येथे श्रद्धाच आडवी येते. कन्यादान केल्यानंतर मुलीच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये, असे मानणारी वृद्ध माणसे आजही आहेत. लेक बोलावते, जावई आग्रह करतो, आणि आई मात्र मुलाच्या घरी उपेक्षा सोसत राहते; कारण अखेरचा अग्नी मुलाच्या हातून मिळावा ही तिची इच्छा असते. असे प्रसंग गावोगावी आढळतात. या समजुतीची टर उडवून काही साधत नाही. ज्या कीर्तनकाराचे, ज्या मौलवींचे, ज्या धर्मगुरूंचे म्हणणे ती माणसे ऐकतात, त्यांच्या तोंडून 'लेकीकडे राहण्यात कमीपणा नाही' एवढे वाक्य निघाले, तर शासकीय परिपत्रकापेक्षा अधिक काम होते. शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना अशा व्यक्तींशी बोलणे अवघड नसते.

लहरींची लीळा

श्रद्धा अशी कधी आडवी येते. पण ती हात देते तेव्हा किती दूरवर नेते, याचे मराठीतील एक जुने उदाहरण अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरचे आहे. महानुभाव पंथ ज्यांना ईश्वरावतार मानतो, ते श्रीगोविंदप्रभू तेथे राहत. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्यमंडळी ऋद्धिपूरला येऊन त्यांच्या सेवेत राहिली. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात या सहवासाच्या लहानमोठ्या आठवणी आहेत. गोविंदप्रभूंचे वागणे जगरहाटीला सोडून असे. ते मध्येच रुसत, वाट्टेल तेव्हा खावयास मागत, कोणावरही रागावत, कोठेही निघून जात. भक्त स्त्रियांनी आणि पुरुषांनी त्यांना न्हाऊ-माखू घातले, जेवू घातले, समजूत काढून परत आणले आणि त्या प्रत्येक लहरीची नोंद 'लीळा' म्हणून जपली. ते पंथाचे दैवत होते, त्यांची तुलना कोणा रुग्णाशी करण्याचा येथे हेतू नाही. सांगावयाचे आहे ते सेवकांविषयी. ज्या वागण्याने एखादा त्रासून गेला असता, ते वागणे श्रद्धेच्या दृष्टीने पाहिल्यामुळे त्यांना सुसह्य झाले, किंबहुना प्रिय झाले.

स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना जेवून तासही झाला नसताना "मला कोणी जेवावयास घातले नाही" असे म्हणताना ज्या सुनेने ऐकले आहे, तिला या उदाहरणाचा अर्थ लगेच उमगेल. वाद घालून उपयोग नसतो. दोन घास पुन्हा द्यावेत, विषय बदलावा. असे करणाऱ्या अनेक बायका आपल्या खेड्यांत आहेत. त्यांना हे कोणी शिकविलेले नाही. 'देवाचेच करतो आहोत' एवढा भाव त्यांना पुरतो. बौद्ध परंपरेतही अशीच एक कथा आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले, उचलून शय्येवर ठेवले आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा, अशा आशयाचा उपदेश संघाला केला. या कथेतील एक तपशील विशेष बोलका आहे. बुद्धांनी त्याला एकट्याने उचलले नाही. डोक्याकडून त्यांनी धरले आणि पायांकडून आनंदाने. शुश्रूषेला दुसरा माणूस लागतो.

मात्र श्रद्धेने औषधाची जागा घेऊ नये. एक-दोन दिवसांत अचानक बडबड सुरू झाली, माणसे ओळखू येईनाशी झाली, तर ती बाहेरची बाधा नसते. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, एखाद्या औषधाचा परिणाम, अशी कारणे त्यामागे बहुधा असतात आणि उपचाराने गुण येतो. हळूहळू वाढत जाणाऱ्या विसराळूपणातही ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार नाही ना, हे तपासून घ्यावयास हवे. माळकरी, शाकाहारी वृद्धांमध्ये ब-१२ ची उणीव आढळण्याचा संभव अधिक असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार जिल्हा रुग्णालयांत त्यांच्यासाठी दहा खाटांच्या स्वतंत्र कक्षाची तरतूद आहे. सत्तर वर्षांवरील सर्व व्यक्तींना, उत्पन्नाची अट न लावता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे.

उपवासांचेही असेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने एकादशीला अथवा रमजानच्या रोज्यात नेहमीप्रमाणे औषध घेतले आणि अन्न घेतले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. अशा वेळी "आता कशाला उपवास?" असे म्हटले की म्हातारे माणूस हट्टाला पेटते. त्याऐवजी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि आजारी व्यक्तीला दिलेली सवलत तिच्याच धर्मात शोधावी. ती सर्वत्र आहे.

लहानशा गोष्टींचे मोल या वयात मोठे असते. रुग्णालयात दाखल करताना गळ्यातील तुळशीची माळ काढून ठेवण्यास सांगितले जाते आणि ती माळ कोणाच्या तरी पिशवीत पडून राहते. रात्रभर ती वृद्धा अस्वस्थ का आहे, याचा उलगडा परिचारिकेला होत नाही. तपासणी झाल्याबरोबर माळ परत गळ्यात घातली तर काही बिघडत नाही. देवळापर्यंत जाण्याचे त्राण उरले नसेल तर आठवड्यातून एकदा भजनी मंडळ त्यांच्या ओसरीवर येऊ शकते. देवळाच्या पायऱ्यांना एक कठडा बसविणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. त्या कठड्यामुळे पाच-दहा म्हाताऱ्या माणसांचा संध्याकाळचा नेम टिकतो आणि घरात राबणाऱ्या सुनेला तासभर मोकळा मिळतो. त्या तासाला फार अर्थ आहे. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची पहिली गरज कौतुकाची नसते, झोपेची असते.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य झाला. या सवलतीने पंढरपूर, तुळजापूर जवळ आले, हे खरेच. परंतु चार दिवस लेकीकडे जाऊन येणे सोपे झाले, हा लाभही लहान नाही.

बक्षीसपत्रापूर्वी

या विषयाची एक बाजू अशी आहे, जिथे श्रद्धा आणि विश्वास यांवर सर्व सोपवून चालत नाही. ती म्हणजे मिळकत. जन्मभराची जमीन, राहते घर वृद्ध व्यक्ती हयातीतच मुलाच्या नावे करून देतात. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र दोनशे रुपये करण्यात आले. कुटुंबांची सोय झाली; मात्र घाईने दस्त करण्याचा मोहही वाढला. सातबाऱ्यावरील नाव बदलल्यानंतर वागणूकही बदलल्याच्या तक्रारी तलाठ्यांना आणि मंडल अधिकाऱ्यांना नव्या नाहीत.

२००७ च्या अधिनियमातील कलम २३ यासाठीच आहे. मिळकत घेणाऱ्याने देणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाच्या मूलभूत गरजा भागवाव्यात, या अटीवर हस्तांतरण झाले असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्दबातल ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे. 'या अटीवर' हे शब्द महत्त्वाचे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सांगितले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या एका निर्णयात त्याच न्यायालयाने, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, अशी भूमिका घेऊन एका मातेने दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरविले. या दोन्ही निर्णयांतून व्यवहारात घ्यावयाचा बोध सरळ आहे. दस्त करावयाचाच असेल तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहावी. 'मुलावर अविश्वास कसा दाखवावा?' असा संकोच आईवडिलांना वाटतो. परंतु ज्या मुलाला सांभाळ करावयाचाच आहे, त्याला ही एक ओळ जड होण्याचे कारण नाही. दस्तलेखक, तलाठी, शिक्षक यांपैकी कोणीही हे सांगू शकतो. दस्त होण्यापूर्वी सांगितले तर उपयोग.

या कायद्याचा आधार घेताना सुनेच्या हक्काचे भान सुटता कामा नये. मुलगा पत्नीला टाकून निघून गेला, आणि सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक म्हणून सुनेला घराबाहेर काढण्याचा अर्ज केला, अशी प्रकरणे न्यायालयांपुढे आली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ अन्वये स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क आहे, तो ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून डावलता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागेल. वृद्धाचे संरक्षण आणि घरातील स्त्रीचे संरक्षण यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा निवाडा कोणाच्याच कल्याणाचा नसतो.

जेवणावळी आणि जिवंत माणसे

संत गाडगेबाबांनी आयुष्यभर ऋण काढून सण, लग्ने आणि तिथी साजऱ्या करण्याविरुद्ध कीर्तने केली आणि जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांची आठवण या संदर्भात येते. आईवडील हयात असताना ऐकू येण्याचे यंत्र, हवेची गादी, चाकाची खुर्ची यांसाठी जो खर्च 'पुढे पाहू' म्हणून लांबणीवर पडतो, त्याच्या कितीतरी पट रक्कम तेराव्याच्या पंगतीला कर्जाऊ आणली जाते. मृताविषयीची श्रद्धा खोटी असते असे नव्हे. परंतु लोकलज्जा तिच्यात मिसळलेली असते. ज्या गावात ग्रामसभेने उत्तरकार्याच्या पंगतीवर स्वेच्छेने मर्यादा घालून घेतली, तेथे सर्वसामान्य कुटुंबाला मोठा दिलासा मिळतो, कारण मग खर्च न करणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नाही.

लोकलज्जेचा दुसऱ्या अंगाने उपयोगही होतो. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला की, आईवडिलांचा सांभाळ न करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यात जमा करावी. त्यानुसार काही कर्मचाऱ्यांच्या वेतनातून पुढील काळात कपात झालीही. त्यांत शिक्षकही होते. वर्गात श्रावणबाळाची गोष्ट सांगणाऱ्याच्या वेतनातून त्याच्या आईचा घास कापून द्यावा लागावा, ही बाब आपणा शासकीय आणि निमशासकीय सेवकांना अंतर्मुख करणारी आहे. अर्थात कपातीने पैसा पोहोचतो. कूस बदलणारा हात पोहोचत नाही.

अर्ज कोठे व कसा

घरात व गावात समजुतीने प्रश्न सुटत नसेल, तेव्हा उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपल्या बोलीतील प्रांतसाहेब, यांच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. साठ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती, किंवा वय कितीही असले तरी आई अथवा वडील, असा अर्ज करू शकतात. सावत्र व दत्तक नात्यांचाही यात समावेश आहे. अपत्य नसलेल्या वृद्धाला, त्याची मिळकत ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. स्वतः जाणे शक्य नसल्यास अन्य व्यक्तीला किंवा संस्थेला प्राधिकृत करता येते, आणि न्यायाधिकरण स्वतः होऊनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज निकाली निघावा, अपवादात्मक कारण असल्यास आणखी तीस दिवस घ्यावेत, असे कायदा सांगतो. निर्णयापूर्वी समेटाचा प्रयत्न करण्याची तरतूद आहे, आणि पुष्कळ घरांचे भले त्याच टप्प्यावर होते. वृद्धाला सोडून देण्याच्या हेतूने कोठेही टाकून जाणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाचा किंवा पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचा, अथवा दोन्हींचा, अपराध आहे.

निराधार वृद्धांसाठी असलेल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची मासिक रक्कम २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आली. तिचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावयाचा असतो. ऊसतोडीला माणसे निघून जाण्यापूर्वी, दिवाळीच्या आसपासच्या ग्रामसभेत, मागे एकटी राहणारी वृद्ध माणसे कोण, त्यांची औषधे कोणती, त्यांच्या मुलांचे फोन क्रमांक काय आणि शेजारचे कोणते घर त्यांच्याकडे रोज एकदा डोकावेल, एवढी यादी करून ती आशा कार्यकर्तीकडे व ग्रामपंचायतीत ठेवण्यास कोणत्याही मंजुरीची गरज नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत उपलब्ध असते. कायद्याविषयी माहिती विचारण्यासाठी, तक्रार सांगण्यासाठी आणि नुसते मन मोकळे करण्यासाठीही तेथे बोलता येते. शुश्रूषा करणाऱ्या सुनेलाही.